एकखांबी तंबू आणि बाकावरच्या मुली

२४ मार्च २०२५ ची रात्र. लॉस एंजेलिसच्या गेलन सेंटरमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूएससीच्या, मुली मिसिसिपी स्टेटशी खेळत होत्या. अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची ही दुसरी फेरी. पहिलं क्वार्टर संपायचं होतं. ज्युजू वॉटकिन्स चेंडू घेऊन सुसाट निघाली, दोन बचावपटूंच्या मधून वाट काढताना तिचा उजवा गुडघा वळला आणि ती कोसळली. तिला उचलून बाहेर न्यावं लागलं. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता. तिचा तो हंगाम तर तिथेच संपला आणि पुढचा हंगामही तिला खेळता येणार नव्हता.

वॉटकिन्स कोण, हे कळल्याशिवाय त्या क्षणाचं ओझं कळत नाही. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तिने ९२० गुण केले होते. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही मुलीने तोवर एवढे गुण केले नव्हते. जखमी झाली त्या हंगामात ती सामन्यामागे सुमारे २४ गुण करत होती आणि देशातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुढे तिचीच निवड झाली. अशी मुलगी संघाबाहेर गेली की तंबूचा मधला खांबच काढून घेतल्यासारखं होतं.

तंबू मात्र पडला नाही. यूएससीने तो सामना ९६–५९ असा जिंकला. किकी इरियाफेनने एकटीने ३६ गुण केले. पुढच्या फेरीत स्पोकेनमध्ये कॅन्सस स्टेटविरुद्ध पहिल्या वर्षाच्या तीन मुलींनी भार उचलला. केनेडी स्मिथ, एव्हरी हॉवेल आणि केली हेकेल या तिघींनी मिळून संघाचे बहुतेक गुण केले आणि यूएससी ६७–६१ ने पुढे गेली. हंगामाच्या सुरुवातीला या तिघी वॉटकिन्सला चेंडू पुरवणाऱ्या, कोपऱ्यात उभ्या राहून वाट पाहणाऱ्या मुली होत्या.

याचं श्रेय जिद्दीला देऊन मोकळं होणं सोपं आहे. जिद्द प्रत्येक संघात असते, मिसिसिपी स्टेटकडेही होती. पण पहिल्या वर्षाच्या मुलीला बाद फेरीच्या सामन्यात, खांब गेलेल्या तंबूत, चेंडू हातात घेऊन निर्णय करावासा वाटतो तो ऐन वेळच्या भाषणामुळे नाही. त्याआधी कित्येक महिने सरावात कुणीतरी तिला तो निर्णय करू दिलेला असतो. चुकल्यावर लगेच बाकावर बसवलेलं नसतं. यूएससीच्या प्रशिक्षक लिंडसे गॉटलीब यांनी ते केलं होतं आणि त्यांच्या या कामाची चर्चा वॉटकिन्सच्या गुडघ्याच्या मानाने फार थोडी झाली.

कुणी म्हणेल, शेवटी हरल्याच ना? हरल्या. पुढच्या सामन्यात कनेटिकटने, म्हणजे यूकॉनने, त्यांना ७८–६४ असं हरवलं. डिसेंबरमध्ये याच यूकॉनला यूएससीने ७२–७० असं हरवलं होतं, तेव्हा वॉटकिन्स मैदानात होती. म्हणजे तारकेला काही किंमतच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. किंमत मोठी आहे आणि ती गुणफलकावर दिसते. प्रश्न वेगळा आहे. तारका असताना प्रशिक्षक बाकीच्या अकरा-बारा मुलींना काय शिकवतो? त्याचं मोजमाप ती नसते त्या रात्री होतं आणि अमेरिकेतली क्रीडा पत्रकारिता हे मोजमाप करायचं टाळते.

महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये हा प्रश्न पुरुषांच्या खेळापेक्षा जास्त टोकदार आहे. पुरुषांमध्ये असामान्य मुलगा एक वर्ष कॉलेजात काढतो आणि एनबीएत निघून जातो. प्रशिक्षकाला त्याची सवय लागायला वेळच मिळत नाही. महिलांच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, नियम निराळा आहे. अमेरिकी मुलीला तिथे जायचं तर त्या वर्षात बावीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात, किंवा पदवी हाती असावी लागते, किंवा शाळा सोडून चार वर्षं झालेली असावी लागतात. त्यामुळे तारका तीन-चार वर्षं एकाच संघात राहू शकते. तिच्याभोवती सगळे डाव बसवले जातात, मग तीच सवय होते, मग त्या सवयीलाच संघाची शैली म्हटलं जातं. त्यातच मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांच्या कित्येक पट आहे. जितका भरवसा मोठा, तितका गुडघा नाजूक. ही जोडी ज्याला दिसत नाही, त्या प्रशिक्षकाने मुलींना अंधारात ठेवलेलं असतं.

ब्रिटनी ग्रायनरची गोष्ट या बाबतीत पुन्हापुन्हा सांगण्यासारखी आहे. सहा फूट आठ इंच उंचीची ही सेंटर बेलर विद्यापीठाकडून खेळायची. २०१२ मध्ये बेलरने ४० पैकी ४० सामने जिंकून विजेतेपद मिळवलं. २०१३ मध्येही बेलरला हरवणं अशक्य वाटत होतं. मग ३१ मार्चला ओक्लाहोमा सिटीत समोर लुइव्हिल आलं. त्यांचे प्रशिक्षक जेफ वॉल्झ यांनी ग्रायनरभोवती दोन-दोन, तीन-तीन मुलींचं कडं केलं आणि आपल्या मुलींना सांगितलं, लांबून मारा. लुइव्हिलने १६ थ्री-पॉइंटर टाकले. ग्रायनरला १४ गुणांवर थांबावं लागलं. ओडिसी सिम्सने बेलरकडून जिवाचं रान केलं, तरी शेवटच्या तीन सेकंदांत मोनीक रीडने दोन फ्री थ्रो आत टाकले आणि बेलर ८१–८२ असं हरलं. ग्रायनरला दुखापत झाली नव्हती, ती सगळा वेळ मैदानातच होती. तिच्यापर्यंत चेंडू पोहोचत नसेल तर काय करायचं, याचं उत्तर बेलरकडे त्या रात्री पुरेसं नव्हतं.

बेलरच्या प्रशिक्षक होत्या किम मल्की. दहा वर्षांनी, २ एप्रिल २०२३ ला, त्याच मल्की डलासमध्ये लुइझियाना स्टेटच्या संघासह अंतिम सामन्यात उभ्या होत्या. समोर आयोवा आणि तिची तारका कॅटलिन क्लार्क. मल्कींच्या बहुतेक मुली त्या वर्षी नव्याने आलेल्या. त्यांची सर्वात मोठी खेळाडू एंजल रीस पहिल्या अर्ध्यात फाउलमुळे अडचणीत आली, तेव्हा मल्कींनी जॅस्मिन कार्सनला बाकावरून उठवलं. स्पर्धेत तोवर फारसं काही न केलेली कार्सन मध्यंतरापर्यंत २१ गुण करून बसली. लुइझियाना स्टेटने सामना १०२–८५ असा जिंकला. अंतिम सामन्यात त्याआधी कुठल्याच संघाने शंभर गुणांचा टप्पा ओलांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रीस आणि क्लार्क यांच्या हातवाऱ्यांवर रकानेच्या रकाने आले. कार्सनला त्या मानाने दोन-चार ओळी मिळाल्या. सामना जिथे वळला ती जागा मात्र तिची होती.

या सगळ्यात सर्वात शिकण्यासारखं काम साउथ कॅरोलायनाच्या डॉन स्टॅली यांचं आहे आणि ते जरा सावकाश पाहायला हवं.

२०२३ च्या उपांत्य फेरीत स्टॅलींचा संघ ३६ विजय आणि शून्य पराभव घेऊन आला होता. एलिया बॉस्टनसारखी खेळाडू त्यांच्याकडे होती. आयोवाच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी पाहिलं की साउथ कॅरोलायनाच्या मुली लांबून फारशा टाकत नाहीत. त्यांनी बॉस्टनभोवती गर्दी केली आणि गार्डना मोकळं सोडलं. रेव्हन जॉन्सन थ्री-पॉइंट रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी राहिली, तेव्हा क्लार्कने तिच्याकडे हात झटकला. टाक हवं तर, असा त्याचा अर्थ. तो प्रसंग देशभर फिरला. आयोवाने सामना ७७–७३ ने जिंकला, क्लार्कने ४१ गुण केले. त्यानंतर बॉस्टनसह साउथ कॅरोलायनाच्या पाचही सुरुवातीच्या खेळाडू कॉलेज संपवून गेल्या. त्या संघातल्या पाच मुली डब्ल्यूएनबीएच्या निवडीत घेतल्या गेल्या.

आता एखाद्या प्रशिक्षकाने काय केलं असतं? पुढची बॉस्टन शोधली असती. उंच सेंटर कमिला कार्डोसो संघात होतीच, सगळे डाव तिच्याभोवती गुंडाळता आले असते. स्टॅलींनी आधी पराभवाचं कारण पाहिलं. लांबून टाकणारी टे-हिना पाओपाओ त्यांनी ओरेगनहून आणली. मायलेसिया फुलवायली आणि टेसा जॉन्सन या पहिल्या वर्षाच्या मुलींना भरपूर मिनिटं दिली. आणि ज्या रेव्हनकडे सगळ्या देशाने बोट दाखवलं होतं, तिच्याच हाती त्यांनी संघाची सूत्रं दिली. आतून खेळणारा संघ एका वर्षात आतून-बाहेरून खेळणारा झाला. स्टॅली स्वतः खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेल्या पॉइंट गार्ड. चेंडू हाताळणाऱ्या मुलीचा आत्मविश्वास कसा मोडतो आणि कसा परत येतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

हंगामाचा पहिला सामना पॅरिसमध्ये झाला, नोत्र दामविरुद्ध, १००–७१. तिथून जी घोडदौड सुरू झाली ती थांबली नाही. तरी ती वाटते तितकी सोपी नव्हती. कॉन्फरन्स स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात टेनेसीविरुद्ध एका सेकंदावर सामना आला, तेव्हा सहा फूट सात इंचांच्या कार्डोसोने आयुष्यातला पहिला थ्री-पॉइंटर टाकून ७४–७३ असा विजय मिळवून दिला. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात धक्काबुक्कीमुळे तिला बाहेर काढलं गेलं, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना तिला खेळता आला नाही. संघाने तो ९१–३९ ने जिंकला. पुढे इंडियानाविरुद्ध २२ गुणांची आघाडी घसरत घसरत दोनवर आली. शेवटचं मिनिट सुरू होतं. चेंडू रेव्हन जॉन्सनकडे आला, रेषेबाहेर, जवळपास त्याच जागी जिथे वर्षापूर्वी तिला कुणी अडवलंही नव्हतं. तिने थ्री-पॉइंटर टाकला आणि तो आत गेला. एखाद्या प्रशिक्षकाच्या वर्षभराच्या कामाचा सारांश एकाच फेकीत पाहायचा असेल, तर ती फेक पाहावी.

मग ७ एप्रिल २०२४, क्लीव्हलँड, अंतिम सामना, समोर पुन्हा आयोवा. क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण केले आणि साउथ कॅरोलायना मागे पडली. स्टॅलींनी जॉन्सनला क्लार्कच्या मागे लावलं. मध्यंतराच्या आत जॉन्सनने मैदानाच्या मध्यावर क्लार्कच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि बास्केट केली. साउथ कॅरोलायनाने सामना ८७–७५ असा जिंकला. ३८ सामने, ३८ विजय. क्लार्कने ३० गुण केले, तरी या सामन्याचा खरा आकडा दुसराच आहे. साउथ कॅरोलायनाच्या बाकावरून आलेल्या मुलींनी ३७ गुण केले, त्यात टेसा जॉन्सनचे १९. आयोवाच्या बाकावरून आलेल्या मुलींनी केले शून्य.

३७ विरुद्ध शून्य. बाकावर बसलेल्या मुलींना नोव्हेंबरपासून कुणी किती मिनिटं दिली, याचा तो हिशेब होता.

इथे आयोवावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. क्लार्कने कॉलेजात ३,९५१ गुण केले. पीट मॅराविचचा १९७० पासूनचा ३,६६७ गुणांचा विक्रम तिने मोडला. तो अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. महिला बास्केटबॉलला एवढे प्रेक्षक कुणा प्रशिक्षकाच्या डावपेचांनी आणून दिलेले नाहीत. ते क्लार्कने आणले आणि त्याबद्दल या खेळाने तिचे कायम आभार मानावेत. ब्लूडर यांनीही तिच्यावर डोळे मिटून विसंबण्याची चूक केली नव्हती. दोन दिवस आधी यूकॉनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात निका म्यूलने क्लार्कला पहिल्या अर्ध्यात सहा गुणांवर रोखलं, आयोवा मागे होती, तेव्हा ब्लूडर यांनी चेंडू आत, हॅना स्टुल्कीकडे वळवला. स्टुल्कीने २३ गुण केले आणि आयोवा ७१–६९ ने जिंकली. फक्त, स्टुल्की सुरुवातीपासून खेळणारी मुलगी होती. तिच्या पलीकडे, सातव्या-आठव्या खेळाडूपर्यंत तयारी गेलेली नव्हती. अंतिम सामन्यात नेमकं तेच बोचलं.

यूकॉनची गोष्ट तर या विषयाची दुसरी बाजू दाखवते. जीनो ऑरिएमा यांच्या संघात पेज बेकर्स होती, तिच्या पिढीतली सर्वात हुशार गार्ड. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिचा एसीएल फाटला. त्या हंगामात दुखापतींची अशी रांग लागली की जानेवारी २०२३ मध्ये डीपॉलविरुद्धचा एक सामना पुढे ढकलावा लागला, कारण खेळू शकतील अशा सात शिष्यवृत्तीधारक मुलीसुद्धा उरल्या नव्हत्या. सलग चौदा स्पर्धांत अंतिम चौघांत पोहोचलेला हा संघ त्या वर्षी दोन फेऱ्या आधीच बाहेर पडला. पुढच्या वर्षी बेकर्स परतली, पण अॅझी फड आणि आणखी काही मुली जायबंदी झाल्या. उंच मुली उरल्या नाहीत, म्हणून ऑरिएमांनी सहा फुटी बेकर्सला, एका गार्डला, फॉरवर्डच्या जागी खेळवलं. पहिल्या वर्षाच्या के. के. आर्नल्ड आणि अॅशलिन शेड यांना भरवशाच्या खेळाडू करून घेतलं आणि संघ अंतिम चौघांत नेला. तारकेवर विसंबणं आणि तारकेला नव्या जागी उभं करून संघ वाचवणं, यात किती अंतर आहे ते इथे दिसतं.

एप्रिल २०२५ मध्ये टॅम्पात यूकॉनने साउथ कॅरोलायनाला ८२–५९ असं हरवून बारावं विजेतेपद मिळवलं. फडने २४ गुण केले, पहिल्या वर्षाच्या सेरा स्ट्राँगनेही २४ आणि बेकर्सने १७. पडझडीच्या दोन हंगामांत बेकर्सशिवाय आणि बेकर्सला इकडेतिकडे हलवत खेळायला शिकलेला हा संघ होता. तिच्यावरचा भार वाटला गेला, म्हणून ती शेवटी विजेतेपद घेऊन बाहेर पडली. तारकेचं भलंही यातच असतं, हे तिच्या चाहत्यांनी ध्यानात घ्यावं.

उलट उदाहरण २०२१ चं. सॅन अँटोनिओमधल्या अंतिम सामन्यात ॲरिझोनाची आरी मॅक्डोनाल्ड एकटी संघ ओढत आली होती. स्टॅनफर्ड एका गुणाने पुढे, शेवटचे काही क्षण उरलेले. चेंडू कुणाकडे जाणार हे साऱ्या स्टेडियमला ठाऊक होतं. स्टॅनफर्डच्या तीन मुली तिच्यावर धावल्या, फेक चुकली, निकाल ५४–५३. मॅक्डोनाल्डने २२ गुण केले होते. तिच्या हिमतीला सलामच आहे. पण त्या क्षणी तिला दुसरी वाट उरली नव्हती. समोर स्टॅनफर्डच्या प्रशिक्षक तारा व्हॅनडरव्हीर होत्या आणि मोठ्या खेळाडू ऐन वेळी गेल्यावर काय होतं ते त्यांनी भोगलेलं होतं. १९९८ मध्ये स्पर्धेच्या तोंडावर त्यांच्या दोन प्रमुख मुली, क्रिस्टिन फोकल आणि व्हनेसा नायगार्ड, गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेल्या. पहिलं मानांकन असलेलं स्टॅनफर्ड आपल्याच मैदानावर सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डकडून ६७–७१ असं हरलं. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने ३५ गुण केले. सोळाव्या संघाने पहिल्याला हरवण्याची ती इतिहासातली पहिलीच वेळ.

आता या खेळात एक नवी सोय आली आहे आणि ती काळजी वाटण्यासारखी आहे. ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू सहज विद्यापीठ बदलू शकते. २०२१ पासून तिला स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसा कमावता येतो आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसेही देऊ शकतात. तारका गेली की दुसरी आणायची, हा मार्ग खुला झाला. इरियाफेन स्टॅनफर्डहून आली, पाओपाओ ओरेगनहून. यात वाईट काही नाही, मुलींना हक्काचे पैसे मिळत आहेत आणि हवं तिथे जाण्याची मोकळीकही. मात्र ज्या छोट्या विद्यापीठांकडे पैसा नाही, तिथला प्रशिक्षक एखाद्या मुलीला दोन वर्षं घडवतो आणि ती फुलायला लागली की मोठा संघ तिला घेऊन जातो. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणं म्हणजे बाजारातून नवी मुलगी घेणं, असा अर्थ रूढ झाला तर बाकावरच्या मुलीला शिकवण्याचं कारणच उरणार नाही. विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी प्रशिक्षकाचा करार ठरवताना त्याने किती मोठी नावं आणली याच्या शेजारी, त्याच्या हाताखाली तीन-चार वर्षं राहिलेल्या मुली पहिल्या वर्षी कुठे होत्या आणि शेवटच्या वर्षी कुठे पोहोचल्या, हेही लिहून ठेवावं.

क्लार्क गेल्यानंतरच्या आयोवात हे दोन्ही प्रवाह एकत्र दिसले. मे २०२४ मध्ये ब्लूडर निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जुन्या सहकारी जॅन जेन्सन प्रमुख प्रशिक्षक झाल्या. व्हिलानोव्हाहून लूसी ओल्सन आली. जानेवारी २०२५ मध्ये संघ सलग पाच सामने हरला. जेन्सन यांनी जुन्या साच्यात नवी क्लार्क बसवायचा हट्ट धरला नाही. ओल्सनला तिच्या पद्धतीने, मधल्या अंतरावरून टाकू दिलं आणि स्टुल्कीसारख्या जुन्या मुलींच्या खांद्यावर बाकीचं काम वाटलं.

२ फेब्रुवारीला आयोवा सिटीत क्लार्कचा २२ क्रमांकाचा शर्ट कायमचा छताला लावायचा होता. क्लार्क प्रेक्षकांत बसली होती. समोर चौथ्या क्रमांकाची यूएससी, तेव्हा धडधाकट असलेली वॉटकिन्स तिच्यात खेळत होती. ओल्सनने २८ गुण केले. आयोवाने सामना ७६–६९ असा जिंकला आणि त्यानंतर दिवे मंद करून २२ क्रमांक वर चढवला गेला.